परंड्याचा लंगडी संघ

ईट, ता. भूम
१२ नोव्हेंबर २०२४

हसीने,

फोनवर तू बोलतीस अन् मला नुसता कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येतो, म्हणून नातीच्या वहीतलं पान फाडून लिहायला बसले. हर्षाली म्हणली, "आज्जी, शुद्धलेखन तपासून देऊ का?" म्या म्हणलं, हसीनाला माझं अशुद्धच वाचायची सवय हाय, सातवीपर्यंत एका बाकावर बसलोय आमी.

आता झालं ते ऐक. सोमवारी इथल्या दवाखान्यात साठीच्या वरच्या समद्यांची तपासणी होती. नवी सिस्टर आलीय, श्रीदेवी, उमरग्याकडची. बोलती गोड, पण सोडत न्हाय कुणाला. रक्त घेतलं, बीपी बघितलं, कमरंला टेप लावला. टेप पुरला, पण काठोकाठ. मग म्हणली, "आज्जी, आता एका पायावर उभ्या राहा, मी दहा आकडे मोजते." ह्यात काय मोठं, जन्मभर डोक्यावरनं पाणी वाहिलंय, असं म्हणून म्या पाय उचलला. एक झाला, दोन झाले, अन् तिसऱ्याला म्या बीपीच्या मशीनसकट टेबलावर. शेजारची मथुराबाई इतकी हसली की तिची कवळी पदरात पडली. मग तिची पाळी आली. ती दोनलाच गेली.

साखर काठावर हाय म्हणं, उपाशीपोटी एकशे अठरा. बीपी बी जरा वर. गोळी दिली न्हाय, तीन महिन्यांची मुदत दिलीय. रोज अर्धा तास चालायचं, चहातली साखर सोडायची, ताटात भाकरी कमी अन् डाळ-पालेभाजी जास्त. अन् पायात ताकद आणायची, कारण ह्या वयात माणूस एकदा पडलं की खाटंला चिकटतं, म्हणली. अन् दाताला लावायची मिसरी सोडायची, ती तंबाखूच असती. मिसरीचं नाव निघाल्यावर म्या खिडकीतनं बाहेर बघत बसले.

आता तू ऊठ, भिंतीजवळ हुबी राहा, एक पाय उचल, अन् किती आकडे झाले ते खरं लिही.

तुझी,
धुरपदा

परंडा
२१ नोव्हेंबर २०२४

धुरपदा,

सलाम. पोस्टमननं तुझं पत्र दिलं तेव्हा समदला वाटलं बँकेचं काहीतरी आलं. "अम्मी, आजकाल पत्र कोण लिहितं?" म्हणाला. मी म्हटलं, जिला माझा आवाज कोंबडीसारखा लागतो ती.

तू म्हणालीस म्हणून उभी राहिले. पंचवीस आकडे. हवं तर माझ्या सुनेला, शाहीनला विचार. विसरलीस का, शाळेत लंगडीत मला कुणी हात लावू शकत नव्हतं. तू डाव सुरू व्हायच्या आत बाद व्हायचीस आणि कडेला बसून आमच्या वाटणीच्या चिंचा खायचीस.

माझी साखर तुला ठाऊकच आहे, सहा वर्षं गोळी चालू आहे. बाकी सगळी खैरियत. समद मला काडी उचलू देत नाही. बांगड्यांच्या दुकानात जायचं नाही, जिना चढायचा नाही, पाणीसुद्धा पलंगावर येतं. शेजारणी म्हणतात, हसीनाबी, नशीब काढलंत. काढलंच आहे.

अम्माची आठवण येते कधीकधी. तिलाही साखरच होती. पायाला जखम झालेली तिला कळलीच नव्हती. पाय कापला तेव्हा ती माझ्याच वयाची होती. जाऊ दे, हे पत्रात लिहायचं नव्हतं.

मिसरी सोडलीस का ते लिही. खिडकीतनं बाहेर बघणारीला मी साठ वर्षं ओळखते.

तुझी,
हसीना

ईट
५ डिसेंबर २०२४

हसीने,

पंचवीस. म्या श्रीदेवी सिस्टरला सांगितलं तर तिनं चष्मा काढून पुसला. म्हणली, "चौसष्टाव्या वर्षी पंचवीस? त्यांना एकदा इकडं आणा, मला बघायचंय."

तुझ्या लंगडीनं माझ्या डोक्यात किडा शिरला. शाळा सुटली की मैदान मोकळंच पडतं. मी, मथुराबाई अन् खालच्या आळीची इरम्मा, आमी तिघी गेलो. सिस्टर मागनं पळत आली. उड्या लगेच न्हाय, म्हणली. पहिले आठ दिवस खुर्चीवरनं हात न टेकता उठायचं अन् बसायचं, भिंतीला बोटं लावून एका पायावर थांबायचं, टाचा उचलायच्या. आता ज्यांचे गुडघे ती तपासून बरे म्हणती त्यांना तीन उड्यांची परवानगी हाय. तीन झाल्या की दोन्ही पाय टेकायचे, मग पुन्हा तीन. अन् आमचा एक नियम आमी घातलाय. पडंल ती बाद न्हाय. तिला आधी उचलायचं, मग हसायचं.

आता अकरा जणी झालोय. शाळंच्या कट्ट्यावर गडी माणसं बघायला बसत्यात. आमचे मालक उड्यांच्या पहिल्या दिवशी म्हणाले, "ह्या वयात काय ही थेरं?" इरम्मानं तीन उड्यांत जाऊन त्यांनाच शिवलं अन् सांगितलं, "बलभीमभावजी, तुमी बाद, उठा इथनं." ते खरंच उठून गेले. घरी आल्यावर म्हणाले, "मी तर खेळतच नव्हतो."

मिसरीचा डबा उकिरड्यावर फेकला. कायमचा.

तुझी,
धुरपदा

परंडा
१४ डिसेंबर २०२४

धुरपदा,

तुझं पत्र वाचून शाहीननं मला पाणी आणून दिलं, इतकी हसले. बलभीमरावांना माझा सलाम सांग.

पण तुम्हीच तेवढ्या खेळता असं समजू नकोस. आम्हीही संघ काढलाय. नऊ जणी आहोत. किल्ल्याजवळच्या मोकळ्या जागेत रोज संध्याकाळी सराव चालतो. शेजारची मिनाज आहे, शाळेत शिक्षिका होती, ती तर वाऱ्यासारखी पळते. सगळ्यांनी पांढरे बूट घेतलेत. मी शिट्टी आणलीय. किल्ला बघायला आलेले पाहुणे किल्ला सोडून आम्हाला बघत उभे राहतात. परवा एकानं फोटो काढला.

कॅप्टन कोण ते विचारू नकोस, लाज वाटते. मीच.

हसीना

ईट
२४ डिसेंबर २०२४

कॅप्टन हसीनाबी,

तुझं पत्र म्या मैदानात मोठ्यानं वाचून दाखवलं. पांढऱ्या बुटांपाशी आल्यावर मथुराबाई आपल्या चपला बघायला लागली. मग समद्या एकदम बोलायला लागल्या अन् ठरलं. ईट विरुद्ध परंडा. १९ जानेवारी, रविवार. दोन जीपगाड्या ठरल्यात. सिस्टर संगं येणार. मालक म्हणाले, "मी येणार न्हाय." अन् इस्त्रीला सदरा देऊन आले.

भाकऱ्या अन् शेंगाचटणी आमी आणतो. तुमी फकस्त हरायची तयारी ठेवा.

तुझी,
धुरपदा

परंडा
३० डिसेंबर २०२४

धुरपदा,

१९ तारीख जमणार नाही. जागेवर काटे फार झालेत. थंडी आहे. मिनाजला खोकला आहे. बाकीच्याही कुठं कुठं गेल्यात. पुढं बघू. उन्हाळ्यानंतर बघू.

हसीना

परंडा
२ जानेवारी २०२५

आदरणीय धुरपदाखाला,

सलाम. मी शाहीन, हसीनाबींची सून. अम्मींना न विचारता लिहिते आहे, पहिल्यांदाच असं करते आहे.

खाला, संघ नाही. नऊ जणी नाहीत, बूट नाहीत. मिनाजचाची आहेत, पण त्या मैदानात कधी गेलेल्या नाहीत. मागच्या वर्षी अम्मी न्हाणीत घसरल्या. हाड मोडलं नाही, पण त्या दिवसापासून उंबऱ्याबाहेर गेल्या नाहीत. पायाला मुंग्या येतात, तळवा बधिर वाटतो असं एकदा मला म्हणाल्या. डॉक्टरकडे चला म्हटलं तर मोजे घालून बसल्या. दोन वर्षांत माहेरी, ईटला, गेल्या नाहीत. आमचे हे प्रेमानंच करतात, पण आता त्यांना ग्लासही उचलू देत नाहीत.

पण तुमचं पत्र आलं की त्या उठून बसतात. संघाचं पत्र लिहिताना दोन तास पलंगावर मांडी घालून, एकट्याच हसत होत्या. मिनाज वाऱ्यासारखी पळते हे वाक्य त्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं. म्हणून विनंती आहे, त्या खोटं बोलल्या असं म्हणू नका. आणि सामना रद्दही करू नका. काय करता येईल ते तुम्हालाच सुचेल.

तुमची,
शाहीन

ईट
८ जानेवारी २०२५

हसीने,

बरं झालं तूच तारीख पुढं ढकललीस. आमची इरम्मा लेकीच्या बाळंतपणाला गेलीय, तिच्याबिगर आमचं कसं व्हायचं. आता सामना २३ फेब्रुवारीला, रविवारीच. तुमचे रोजे सुरू व्हायच्या आधी उरकू.

पण एक घोटाळा हाय. श्रीदेवी सिस्टर म्हणती, दुसऱ्या गावचा संघ सिस्टरनं सांगितलेला सराव केल्याबिगर मैदानात घ्यायचा न्हाय. तिनं चिठ्ठी लिहून दिलीय, तशीच उतरवून काढते. कॅप्टननं आधी सोताच्या अंगावर करून दाखवायचं, मग संघाला शिकवायचं, असा नियम हाय.

पहिलं म्हणजे, प्रत्येकीनं डॉक्टरकडनं तळवे बघून घ्यायचे. कॅप्टनचे पहिले. तळवे बघितल्याबिगर खेळू द्यायचं न्हाय म्हणजे न्हाय. मग दोन्ही वेळच्या जेवणानंतर दहा मिनिटं चालायचं, घरातल्या घरात चाललं तरी हरकत न्हाय, दुसऱ्या आठवड्यात दाराबाहेर, तिसऱ्यात कोपऱ्यापतूर. खुर्चीवरनं पाच येळा उठायचं, मग सात, मग दहा. अन् आपलं पाणी आपण उठून घ्यायचं. हे शेवटचं सिस्टरनं लिहिलं न्हाय, म्या लिहिलंय, पण नियम समजून पाळा.

दर आठवड्याला संघाचं कसं चाललंय ते कळव. नावं न्हाय सांगितली तरी चालंल.

तुझी,
धुरपदा

परंडा
२६ जानेवारी २०२५

धुरपदा,

नियम फार कडक आहेत. पण पाळतोय.

आमच्या संघात एक बाई आहे, नाव सांगत नाही. ती डॉक्टरकडे जायला तयार नव्हती. सून म्हणाली, "अम्मी, ईटवाल्या खेळू देणार नाहीत." तेव्हा गेली. डॉक्टरनं नायलॉनच्या धाग्यानं तळव्याला दहा ठिकाणी टोचलं आणि विचारलं, कळतं का? डोळे मिटून होती बिचारी, पुढं काय ऐकावं लागणार म्हणून. सात ठिकाणी कळलं. डॉक्टर म्हणाले, नसा थोड्या मंदावल्यात, पण जखम नाही, पाय शाबूत आहे आणि शाबूत राहू शकतो. साखर आटोक्यात आणायची, अनवाणी चालायचं नाही, रोज रात्री आरशात तळवे बघायचे, बंद बूट घालायचे आणि चालायचं. लंगडी मात्र घालायची नाही.

ती बाई दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि हसतच सुटली. सुनेला वाटलं काहीतरी वाईट सांगितलं. अगं, वर्षभर ती स्वतःच्या पायाकडे बघायला भीत होती. मोजे घालून झोपत होती.

पहिल्या दिवशी ती दारापर्यंत गेली आणि चौकट धरून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ओट्यावर. काल कोपऱ्यापर्यंत, एकशे चाळीस पावलं. मुलगा मागून खुर्ची घेऊन येत होता. तिनं वळून सांगितलं, "समद, खुर्ची घरी ठेव, लोक हसतात."

अरे, नाव लिहून गेले. राहू दे, खोडत नाही, समद नावाचे बरेच आहेत.

कोपऱ्यावर मिनाज भेटली. हे काय चाललंय म्हणाली. मी सांगितलं. उद्यापासून ती येणार आहे. नवीन भरती चालू आहे म्हण.

हसीना

परंडा
१२ फेब्रुवारी २०२५

धुरपे,

आता सांगून टाकते, नाहीतर २३ तारखेला तुला तोंड दाखवता येणार नाही. संघ नव्हता. पंचवीस आकडे पण नव्हते, दोन होते, तेही कपाट धरून. ती बाई मीच. तू ओळखलंच असशील, ओळखलं नसशील तर तू शाळेत होतीस तशीच आहेस.

पण आता खरंच सहा जणी आहोत. मिनाज, तिच्या दोन जावा, शाहीनची आई, बांगड्या भरायला आलेली एक बाई जी सराव बघून परत गेलीच नाही, आणि मी. मिनाज वाऱ्यासारखी पळत नाही. ती चार पावलांत दमते आणि मग दमलेल्या तोंडानं सगळ्यांना सूचना देते. पण येते रोज. सकाळी चहाबरोबर बिस्किटं खाणं सगळ्यांनी सोडलंय, आणि एकमेकींच्या घरी अचानक जाऊन तपासतो. परवा शाहीनच्या आईनं खारी उशीखाली लपवली आणि वर बसली. कुरकुर आवाज आला.

मला लंगडी मना आहे, म्हणून मी पंच. बूट फक्त माझ्याकडे आहेत, तेही काळे.

रागावली असलीस तर रागव, पण ये.

तुझी,
हसीना

ईट
१६ फेब्रुवारी २०२५

हसीने,

मला जानेवारीपासनं ठाऊक हाय. कुणी सांगितलं ते इचारू नको, तिला रागवू बी नको, तिच्यासारखी सून आमच्या तालुक्यात न्हाय.

तुझं पत्र वाचून म्या बी एक कबूल करते. मिसरीचा डबा उकिरड्यावर न्हवता, ज्वारीच्या कणगीमागं होता. तुझं खोटं मला कळलं तवा म्या तुला चिठ्ठ्या लिहून सराव शिकवत होते, अन् लिहून झालं की उठून मिसरी लावत होते. मग एक दिवस बोट तोंडात होतं अन् समोर तुझं पत्र होतं, तळव्याचं. तवा डबा नेऊन सिस्टरच्या टेबलावर ठेवला. आठ दिवस घरातल्या समद्यांवर खेकसले. मालक दोन दिवस भावाकडं जेवले. म्या बडीशेप चघळत राहिले. आज पंधरा दिवस झाले. साखर नव्व्याण्णव आलीय. बीपी बी उतरलंय. सिस्टरला म्या मिठी मारली तर ती म्हणली, "आज्जी, हळू, ताकद आलीय तुम्हाला."

सहा तर सहा. आमच्यातल्या तिघी तुला उसन्या देते. मथुराबाईला ने, ती आमच्यासाठी तशी बी काय कामाची न्हाय.

येतोय आमी.

धुरपदा

परंडा
२८ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

धुरपे,

सामना तू बघितलास, खेळलीस, पण त्या गोंधळात तुला काहीच ऐकू आलेलं नाही हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून कोण काय बोललं ते लिहून कळवते.

तू पहिल्या डावात तीन उड्या मारून जिला शिवलंस आणि दोन्ही हात वर करून मैदानभर फिरलीस, ती मिनाज नव्हती. ती मी होते. मिनाज ओरडून सांगत होती, "अहो बाई, तुम्ही पंचांना बाद केलंत." तू तिला हात हलवून "थँक्यू" म्हणालीस.

मथुराबाई आमच्याकडून खेळताना तुमच्या इरम्माला शिवायला गेली आणि दोघी एकमेकींना धरून बसल्या. तुमच्या नियमाप्रमाणे आधी उचलायचं होतं. उचलायला चार जणी गेल्या, त्याही बसल्या. तेव्हा श्रीदेवी सिस्टर कानडीत काहीतरी म्हणाल्या. मी अर्थ विचारला, त्यांनी सांगितला नाही.

बलभीमराव समदशेजारी बसले होते. समदला म्हणाले, "चाळीस वर्षं संसार केला, पण ही पळताना कधी बघितली नव्हती." मग थोड्या वेळानं हळूच विचारलं, "पुरुषांसाठी काय असतंय का असं?" सिस्टरनी ते ऐकलं. आता ते सुटायचे नाहीत, तंबाखूचा विषय निघणारच. त्यांना तयारीत ठेव.

गुण शाहीन लिहीत होती. हसून हसून तिच्या हातून वही पडली, आणि पुढचं कुणीच लिहिलं नाही. म्हणून तुम्ही जिंकलात असं तू ईटला सांगितलंस ते मला कळलंय. मीही परंड्यात तेच सांगितलंय, आमच्या बाजूनं.

आता समदचं. तो सगळा वेळ कडेनं खुर्ची घेऊन फिरत होता, मी जिकडं जाईन तिकडं. दुसऱ्या डावात तो थांबला. मी बघितलं तर त्यानं खुर्ची खाली ठेवली होती आणि स्वतःच तिच्यावर बसून हसत होता. रात्री जेवताना म्हणाला, "अम्मी, मी तुम्हाला सांभाळत होतो की बसवत होतो?" मी म्हटलं, दोन्ही. मग म्हणाला, "उद्यापासून सकाळचं दुकान तुम्ही उघडा." धुरपे, चार दिवस उघडते आहे. बायका बांगड्या भरता भरता साखरेचं विचारतात. दोघींना डॉक्टरकडून तळवे बघून घ्यायला लावले. आणि माझी तीन महिन्यांची सरासरी साखर साडेनऊ टक्क्यांवरून आठवर आलीय. डॉक्टर म्हणाले, गोळी चालू ठेवा, अजून खाली आणू. आणू म्हटलं, घाई नाही, मला बरीच वर्षं राहायचंय.

आता हे पत्र टाकायला निघाले होते. बूट घातले, आणि पोस्टाच्या पेटीपाशी उभी राहून विचार केला की हे तुला चार दिवसांनी मिळणार. एसटी दुपारपर्यंत पोचते. भूमला गाडी बदलायची, बस्स. घरी जाऊन पिशवी भरली. समद म्हणाला, "मी गाडीनं सोडतो." मी म्हटलं, तू दुकान बघ. ईटला माझ्या भावाला, मुनवरभाईला, सांगितलेलं नाही, माहेरच आहे, सांगायचं काय.

हे शेवटचं स्टँडवर बसून लिहिते आहे, अक्षर वाकडं झालंय. पाच मिनिटांपूर्वी मी पायऱ्या एकटीनं चढले. कुणी बघितलं नाही याचं थोडं वाईट वाटलं. म्हणून तुला लिहिलं.

गाडी लागली. बाकीचं तोंडानं सांगते.

हसीना